हिऱ्याची कणी

माय, आज माझ्या हातून एक टोक पडलं.

टोक म्हणजे काय, हे गावी, कारध्याच्या आपल्या घरी चुलीजवळ बसून तुला सांगितलं होतं. आमचं सूक्ष्मदर्शक बघत नाही, चाचपतं. अतिशय बारीक टोक वस्तूवरून फिरतं आणि तिचे उंचसखल भाग सांगतं. फिरून फिरून ते झिजतं, म्हणून त्यावर हिऱ्याचा पातळ थर असतो. तू तांदूळ पाखडत होतीस. मी सुपातली एक कणी उचलून म्हटलं, एवढ्याशा तुकड्याच्या काठावर ते बसवलेलं असतं, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. तुझं सूप थांबलं. "हिऱ्याची कनी? अवं, ते पोटात गेली त मानूस मरते! कायले करतेस असं काम?" मी हसून बेजार. पण तेव्हापासून मी नागपूरहून आले की तू दारातच अडवायचीस, हात धुतल्याशिवाय ताटाला शिवू द्यायची नाहीस.

आज दुपारी चिमट्यात तो तुकडा धरून क्षणभर थांबले आणि उजवा अंगठा आपोआप हलू लागला. तुकडा निसटला. सोबतच्या मुलीला म्हटलं, हवा कोरडी आहे, स्थिर विजेने उडाला. तिला पटलं. मला नाही. तो अंगठा मी ओळखते, माय. शेवटच्या वर्षांत मांडीवर ठेवलेला तुझा हात असाच हलायचा, पिठाची गोळी वळल्यासारखा. "नाचू दे," तू म्हणायचीस, "कामात असला का गप रायते."

म्हणून तू कधी रिकामी बसत नव्हतीस. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायचीस, घासलेली गंज-पातेली पुन्हा घासायचीस. आम्ही म्हणायचो, हिला कामाची हौसच फार. तू घाबरलेली होतीस, आणि आम्हाला ते दिसलं नाही.

घरी येऊन सवयीने हात धुतले आणि धूतच राहिले. नवरा म्हणाला, "काहून वं, किती वेळ हात धुऊन राहिली?" मी म्हटलं, "हिऱ्याची कनी हाय न." तो हसला. डॉक्टरकडे जायला हवं, कळतं मला. पण त्यांनी तुझ्याच आजाराचं नाव घेतलं तर? या हातांवरच माझं काम आहे. मला फार भीती वाटते, माय.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. खरं सांगू? तुला काही कळवायचं म्हणून बसलेच नव्हते. पेन चालतंय तोवर अंगठा गप्प आहे. सांगण्यासारखं केव्हाच संपलं, पण पेन खाली ठेवायची हिंमत होत नाही.