चवळीच्या खोलीत राहायला कोण येणार

मी, रत्ना मनोहर साळवी, वय एकाहत्तर, राहणार प्लेनो, टेक्सास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही, असं डॉक्टर म्हणतात, म्हणून घाई. कोणी दडपण आणलेलं नाही. दडपण आणणाऱ्याच्या गुडघ्याचं काय होतं ते कलम तीनमध्ये आहे.

१. घर. माझं राहतं घर माझ्या मृत्यूनंतर माझी एकुलती मुलगी चारुता हिला, एका अटीवर. तिनं माझी नात इला हिला घेऊन इथेच राहायचं आणि चवळीला सांभाळायचं. चवळी हा इलाचा साप. मादी आहे, बिनविषारी, करंगळीएवढी जाड, पानासारखी हिरवी. चवळीच्या शेंगेवरून नाव ठेवलं. जावई देवांग तिला स्वतःच्या घरात ठेवू देत नाही, म्हणून मागच्या खोलीत माझ्याकडे असते. जागा बदलली की ती खाणं सोडते, म्हणून तिला इथून हलवू नये. देवांगनं या घरात पाऊल ठेवू नये.

२. चवळीचं पथ्य. सकाळी पानांवर पाणी फवारावं. वाटीतलं ती पीत नाही, पानावरचे थेंब चाटते. जिवंत रातकिड्यांवर कॅल्शियमची पूड, अनारशाला खसखस लावतो तशी. उंदीर नाही. नागपंचमीला दूध तर अजिबात नाही, सापाला ते पचत नाही. फांद्या दाट हव्यात, लपायला जागा नसली की जीव घाबरा होतो. हातात फार घेऊ नये. हे सगळं मी लायब्ररीत बसून, अक्षर लावत लावत शिकले. माझी शाळा चौथीत सुटली होती.

३. खलबत्ता. चारुताला. गौरीजेवणाला सगळे इथे होते. आमटीत मीठ कमी म्हणून देवांगनं ताट भिंतीवर फेकलं. इला घाबरून चवळीला छातीशी धरून उभी. तो ओरडला, "घरात साप पाळता? माझ्यावर सोडायला?" आणि शेपटी धरून त्यानं चवळीला ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा, दुसऱ्यांदा. चारुतानं मध्ये उजवा हात घातला. त्यानं तो हात ड्रॉवरमध्ये धरून ड्रॉवर लाथेनं बंद केला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. चकलीचा तुकडा मोडावा तसा.

मग मी बत्ता उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो पडला, तेव्हा आणखी एकदा घातला. अजून लंगडतो. मला वाईट वाटत नाही. देवाला वाटलं तर त्यानं मी वर आल्यावर विचारावं.

चवळीची शेपूट वाकडी झाली, पण जगली.

४. अट का घातली. पोलीस आले तेव्हा चारुता म्हणाली, "पाय घसरला." इला म्हणाली, "मम्मा, दॅट्स अ लाय." चारुतानं तिला गप्प केलं. आणि देवांगच्याच गाडीत बसून त्याच्याच घरी गेली. नंतर फोनवर मी विचारलं, "येत का नाहीस?"
"आई, लोकांना काय सांगू? काहीतरी कारण नको का?"
"हात मोडला, हे कारण पुरत नाही?"
"ते चारचौघांत सांगायचं कारण आहे का?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आत हाडंच मोडली असतील तर ती झाकून काय उपयोग? पण माझं पोर मला ठाऊक आहे. म्हणून, बाळा, हे घे चारचौघांत सांगायचं कारण. आईनं सापासाठी घरात राहायची अट घातली, असं सांग.

५. दागिने व बचत. पाटल्या आणि मोहनमाळ चारुताला. बँकेतलं इलाच्या शिक्षणाला. त्याला हात लावायला देवांगची सही लागेल असं काही करू नये.

६. चकलीचा सोऱ्या. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या प्रतिमाताईंना. त्या मला म्हणाल्या होत्या, "नवरा-बायकोत असं व्हायचंच." ताई, पुढच्या वेळी बोलण्याआधी तोंडात एक चकली घाला.

७. सही करण्यापूर्वी जोडलेलं. वरचं सगळं चारुताला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तू मरेपर्यंत मी इथे मार खायचा का गं?"

मी पेन उचललं. कलम एकमधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडले आणि वर "आजपासून" लिहिलं.

शनिवारी ती इलाला घेऊन आली. मागोमाग देवांग. दारावर बुक्क्या मारल्या, खिडकीची काच फोडली, कुंडी उचलून आत फेकली. "बाहेर ये, नाहीतर तुम्हा तिघींना जाळीन." काचा इलाच्या केसांत होत्या. पोलिसांनी त्याला बेड्या घालून नेलं.

काचा झाडता झाडता चारुता म्हणाली, "आई, ती सापाची अट काढून टाक. चवळीला मी तशीही सांभाळीन. मी का आले ते लिही. सरळ लिही."

म्हणून कलम एकमधली अट रद्द करते आणि चारुताच्या सांगण्यावरून लिहिते: माझी मुलगी चारुता नवऱ्याच्या मारामुळे माहेरी राहायला आली आहे. विचारणाऱ्यांना हेच सांगावं.

हा मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. त्यांना यातून चहाखेरीज काही मिळालेलं नाही.

लिहून देणार: रत्ना मनोहर साळवी (सही)

साक्षीदार: १. गिरीश टिपणीस, शेजारी (सही)
२. रीमा टिपणीस, शेजारी (सही)

स्वतःच्या इच्छेनं खाली सही करणार: चारुता (डाव्या हातानं)

प्लेनो, टेक्सास. १२ ऑक्टोबर २०२५