तारेतून गाळलेला शब्द

अण्णा,

काल कचेरीत एकाने सासऱ्यांच्या शोकसभेसाठी इंग्रजीत चार ओळी लिहून मागितल्या. मी ‘सॅड डिमाइझ’ लिहिलं आणि लगेच ‘सॅड’ खोडलं. तुमचं बोलणं कानात होतं: ‘डिमाइझ काय आनंदाचं बी असतंय का?’ घरी येऊन वही काढली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेल्यापासून बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच.

मरणाचे इंग्रजी शब्द तुम्ही मला राजूरच्या आपल्या स्वयंपाकघरात शिकवलेत. आई भाकरी थापतेय, मी चुलीजवळ निबंधाची वही धरून बसलेय, आणि आजीवरच्या निबंधात ‘एक्सपायर्ड’ वाचून तुम्ही चष्मा काढता. ‘आजी तहसीलात कारकून व्हती का गं? एक्सपायर नोकरदार होत्यात. आपली आजी मेली. डाय लिही.’ मग एकेका शब्दाची जागा सांगता. ‘पास्ड अवे’ शेजाऱ्याने म्हणायचं, ‘डिमाइझ’ पेपरात मोठ्या माणसाचं, ‘नो मोअर’ भाषणात. आई वैतागते, ‘भाकरीच्या टायमाला दुसरं काही न्हाई का शिकवायला?’ तुम्ही हसता. लिहिताना खरा शब्द टाळायचा नाही, एवढं मी त्या दिवशी पक्कं धरलं.

म्हणूनच केदारखेड्याच्या त्या बाईचा दिवस मला पचला नाही. आसपासच्या गावात तार आली की लोक ती वाचून घ्यायला तुमच्याकडे, इंग्रजीच्या मास्तरकडे यायचे. तिचा भाऊ मनमाडला रेल्वेत होता. तारेत ‘एक्सपायर्ड’ होतं. मी तुमच्या खांद्यावरून वाचलं. तुम्ही म्हणालात, ‘तब्येत लई बिघडलीय बाई, जल्दी निघा.’ ती ‘जिता हाय ना, मास्तर?’ एवढंच विचारत राहिली आणि तुम्ही ‘निघा’ म्हणत राहिलात. ती गेल्यावर मी भांडले. मला ‘डाय’ लिहायला लावता आणि तिला खोटं सांगता? तुम्ही म्हणालात, ‘मनमाड लांब हाय. तेवढ्या रस्त्यापुरता तरी भाऊ राहू दे तिला.’ पुढे कळलं, लोकांना तारा लिहून देतानाही तुम्ही कुणाला मेलेलं लिहीत नव्हता. माणूस गेलेला असला तरी ‘सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ ही रीत घरात फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होती.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी औरंगाबादच्या वसतिगृहात सकाळी नऊ वाजता माझी तार आली. ‘फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ मी ती तुमच्या रीतीने वाचली. तुम्ही गेलात, हे तिथेच धरून चालले. रडले नाही. दहाची गाडी होती, आणि अकराला इंग्रजीचा पेपर. गेलेल्या माणसाला दहाची काय आणि दुपारची काय, लोक माझ्यासाठी थांबतीलच, असं स्वतःला सांगितलं आणि दोन वाजेपर्यंत पेपर लिहिला. हे मी सुन्न झाले होते म्हणून केलं, की वर्ष वाया जाऊ नये म्हणून, हे इतकी वर्षं तपासतेय. सुन्न माणूस सगळे प्रश्न सोडवत नाही, अण्णा. मी सगळे सोडवले.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ओसरीत माणसं बसलेली. आईने माझा हात धरला. ‘आत्ता आलीस? दोन वाजेपस्तोर व्हते गं. दाराकडंच बघून राह्यल्ते.’ मी म्हणाले, ‘गाडी चुकली.’

चार दिवसांनी पोस्टमास्तर भेटायला आले. तार तुम्हीच पडल्या पडल्या सांगितली होती. ‘शेवटी अलाइव्ह घाला म्हणले. मी म्हणलो, मास्तर, सिरियस म्हंजे जिताच की, ते कशाला? त्यायनी पुन्हा सांगितलं, पण दम लागल्ता. मंग मी गाळलं.’ त्यांना मी दोष देत नाही. ती तार कोण वाचणार आणि कशी वाचणार, हे त्यांना कुठून कळावं? तुम्हाला कळलं होतं. त्या परक्या बाईला तुम्ही मनमाडपर्यंत भाऊ दिलात. मी तुम्हाला राजूरपर्यंतही जिवंत ठेवलं नाही.

आई मागच्या वर्षी गेली. अखेरपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ‘पोरीची गाडी चुकली, न्हाईतर गाठ पडली असती.’ मी शेजारी बसून ऐकायची. तिला सांगायचं राहिलं ते या वहीत लिहून ठेवते. वहीबाहेर ते जाणार नाही. गाडी चुकली नव्हती, अण्णा. कॉलेजकडे जाताना ती स्टँडवर उभी होती. कंडक्टर ‘जालना, राजूर, भोकरदन’ ओरडत होता, आणि दाराजवळची जागा रिकामी होती.