एकविसाव्या दिवसाची रोपं

आगरदांडा,
१४ सप्टेंबर २०२५

चि. मृणालीस,
आशीर्वाद. मागचे शिल्लक असतील तर आधी ते वापर.

इकडे सर्व ठीक. काकूचा गुडघा बोलतो, मी ऐकतो.

तुझा निरोप मिळाला. ‘काका, ती रोपं उपटून टाका. सर म्हणाले प्रयोग बाद. मी विषयच सोडते.’

उपटणार नाही.

पडवीत तू ट्रेमध्ये भात पेरलंस. निम्म्याला विहिरीचं पाणी, निम्म्याला खाडीचं. एकविसाव्या दिवशी पानं बर्फात घालून न्यायला आलीस, तर ट्रे रिकामे आणि रोपं शेतात. शेतावर कामाला येणाऱ्या नीराबाईने सवयीने लावणी केली, असं मी सांगितलं. तीन आठवड्यांचं रोप नुसतं बघत बसणं इथे कुणाला जमतं?

तुझे हिस्टोन मी माझ्या परीने समजून घेतलेत. डीएनएचा दोरा गुंडाळायची ती रिळं. काहींत नेहमीच्याऐवजी जरा वेगळं प्रथिन बसतं, तुझं ते एच-टू-ए-झेड. आम्ही पोथीवाले त्याला पाठभेद म्हणू: ओळ तीच, शब्द एक वेगळा, अर्थ फिरतो. कोवळ्या रोपाची आणि पोटरीवर आलेल्या, लोंबी पोटात धरलेल्या भाताची पोथी एकच. कुठलं पान कधी उघडायचं, त्यात या पाठभेदाचा हात. खारं पाणी चाखल्यावर तो बदलतो, आणि ती आठवण रोप मोठेपणी ठेवतं का, हा तुझा प्रश्न. मग त्याला मोठं झालेलं रोप नको?

ऑगस्टच्या उधाणात बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं. विहिरीवर वाढलेल्या ओळी पिवळ्या पडल्या. खाडीच्या ओळी उभ्या आहेत, पोटरीवर आल्यात. तुझ्या ट्रेवरच्या चिठ्ठ्या ओळीओळीला काठीवर बांधल्यात. तुझ्या सरांचं समाधान होणार नाही, ठाऊक आहे. पुढच्या वर्षी ट्रे पुन्हा भर. पण हे बघून मग भर.

आता नीराबाईचं. लावणीच्या सकाळी ती म्हणाली, “गुरुजी, पोरीला इचारलं काय? न्हाय तर मी हात न्हाय लावायची.” आणि खरंच बांधावर बसून राहिली. चिखलात मी उतरलो. ‘हात लावू नका’ असं तू मला दोनदा बजावलं होतंस. मी दोन्ही वेळा ऐकलं होतं. दोन महिने त्या बाईने माझा आळ सोसला. तुला एक शब्द बोलली नाही. मला बघून हसते फक्त.

सरांना सांग, चूक काकाची. काकाच्या चुकीपायी विषय सोडायची परवानगी तुला नाही. बर्फाचा डबा घेऊन ये. तोवर उपटायला कुणी आलंच, तर बांधावर मी आहे.

रोपं लावणारा आणि न उपटणारा,
चांगदेवकाका