नातीच्या सायकलीचा चिमटा

उस्ताद, तुमच्या नातीने तीन दिवस माझा जीव खाल्ला, आणि त्यात निम्मा हात तुमचा आहे. तुम्ही असतात तर अमडापूरला येऊन तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांडलो असतो. आता कागदावरच भांडतो.

ती बुलढाण्याला दवाखान्यात नर्स आहे. दर रविवारी चार मैत्रिणी मिळून सायकलीने राजूरचा घाट उतरतात. बुधवारी सायकल आणि एक भलंमोठं खोकं घेऊन माझ्या दुकानात आली. खोक्यात ऑनलाइन मागवलेला, पुढचं चाक धरणारा अन् धक्के झेलणारा शॉकअपचा चिमटा. "मामा, जुना काढा अन् हा टाका. रविवारी घाट हाये," म्हणाली. चिमटा नीट न बघताच मी सांगून टाकलं, संध्याकाळी घेऊन जा. माझा धंदाच त्यावर उभा राहिला. माझ्या दुकानातून कोणी नकार ऐकून गेला नाही, हे गावात लोकच एकमेकांना सांगतात. एका टपरीचे तीन शटर झाले ते काही उगाच नाही.

चिमटा घातला, हँडल बसवलं, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलली. टक्. वरचा नट आवळला, तर हँडल वळेना. सैल केला, पुन्हा टक्. बेअरिंगचे छर्रे बदलले, वाट्या बदलल्या, चाकाचा एक्सल काढून पाहिला, ब्रेकचे रबर पाहिले. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलीच्या कोणत्या चाकाचे छर्रे गेलेत ते मी आत बसून सांगतो. कान म्हणत होता, आवाज वरून येतो. म्हणून अख्खा गुरुवार मी वरच खेळत बसलो. शेवटी कंटाळून खालच्या सांध्यावर बोट ठेवलं, तेव्हा कळलं. चिमट्याच्या खांद्यावर ठोकून बसवतात ती कडीच हलत होती आणि चिमट्याची उभी नळी तिचा आवाज वर पोचवत होती. दोन दिवस एका नळीने मला उल्लू बनवलं! त्याहून लहान कडी घेतली, तर ती अर्ध्यातच अडकली. जालन्याहून बसने तिसरी मागवली, तिचंही तेच. मग माप घेतलं. खांदाच गोल नव्हता. एका बाजूला जास्त कातलेला, एका बाजूला कमी. वरून रंग मात्र असा चकाचक, की नवरदेवाच्या वरातीत चालवावा.

शुक्रवारी दुपारी मी ते केलं, जे तुम्ही मला कधी करू दिलं नसतं. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली, खांद्याला गुंडाळली आणि वरून कडी ठोकली. आवाज बंद. हँडलही लोण्यासारखं फिरायला लागलं. मी खूश झालो, चहा सांगितला. चहा येईपर्यंत सहज पुन्हा ब्रेक दाबून सांध्यावर बोट ठेवलं. कानाला काही नाही, पण बोटाखाली काहीतरी किंचित सरकत होतं. सपाट रस्त्यावर ती पट्टी वर्षभर टिकली असती. घाटात ब्रेकचा सगळा जोर त्याच जागेवर येतो. पट्टी चुरगळली की कडी तिरकी होणार, आणि एखाद्या वळणावर हँडल पोरीचं ऐकणार नाही.

तेव्हा तुम्ही आठवलात, आणि मला तुमचा रागच आला. मी तुमच्या हाताखाली होतो तेव्हाची गोष्ट: जानेफळकडचा तो दूधवाला आला आहे, चिमट्याला चीर गेली आहे. तुम्ही हात पुसता आणि म्हणता, "माह्याच्यानं होत नाही भाऊ. नवा चिमटा येईपर्यंत माही सायकल ने." दिवसाची कमाई गेली, वरून स्वतःची सायकल गेली. मी त्याच्यामागे पळतो, सांगतो, मी चीर झाळून बुजवून देतो. तुम्ही मला परत बोलावता. ओरडत नाही. "पडला त तो पडन, तू नाही पडत. म्हनून तुले हो म्हनाले सोपं जाते, बे." त्या संध्याकाळी तुम्ही पायी घरी गेलात. मी मागून येताना मनात म्हणत होतो, हा माणूस असाच एका दुकानात मरणार. सहा महिन्यांत मी तुम्हाला सोडून बुलढाणा गाठलं.

शनिवारी ती आली. मी बोलायच्या आधीच ब्रेक दाबून सायकल ढकलली, कान लावला. "वा मामा! आवाज गेला न."

"आवाज गेला. पण चिमटा पट्टीवर बसवलाय. देत नाही मी."

"आता काऊन? टक् टक् त नाही येऊन राह्यली."

"घाटात येईन."

"मी हळू उतरीन."

"तू? मागच्या महिन्यात तू मोटारसायकलले मागं टाकलं, तुह्या मायनं सांगितलं मले."

तिच्यादेखत मी शॉकअप उतरवला आणि जुना चिमटा घातला. ती कमरेवर हात ठेवून उभी. "लोक म्हनतात तुमच्याकडं नाही हा शब्दच नाही. माह्याच वेळेस सापडला काय?" मी म्हणालो, "तुह्या आजोबानं दिली नसती तशी सायकल." तिने हँडल धरलं. चहा न घेताच सायकल घेऊन गेली.

रविवारी दुपारपर्यंत मी गिऱ्हाइकांवर खेकसत होतो. दोन वाजता तिचा मेसेज आला: पोचलो. जुन्या चिमट्यानं हात दगडासारखे झाले, तुमच्यामुळं. मी तो चारदा वाचला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

हे पत्र तुमच्या लेकीकडे द्यावं, तुमच्या फोटोजवळ ठेवेल, असं वाटलं होतं. पण ती नातीला वाचून दाखवेल, म्हणून देत नाही. शनिवारी मला नातीला वेगळंच सांगायचं होतं, उस्ताद. माह्याच्यानं होत नाही, एवढंच. दोनदा तोंड उघडलं, शब्द निघाला नाही. म्हणून तुमचं नाव पुढे केलं.