राखून ठेवलेला आवाज

तीर्थरूप बाबा, तुमच्या पायांशी बसून बोलते आहे असं समजा.

फोनवर तुम्हाला आता काहीच ऐकू येत नाही, असं आई म्हणाली. म्हणून हे पत्र, मोठ्या अक्षरात.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. गायला बसले की शेजारीण भिंत ठोकते. तुम्ही मला लहानपणी भोंगा म्हणायचात, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे! आईचा गुडघा कसा आहे?

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, "तुझ्या त्या ऑपेरातलं एकदा गा ना गं." प्रयोग तीन दिवसांवर होता. प्रयोगाआधी आम्ही आवाज राखतो, तालमीतसुद्धा अर्ध्याच आवाजात गातो. तुमच्यासमोरही मी तशीच गायले. तुम्ही कानामागे हात धरून ऐकलंत आणि "छान" म्हणालात.

खरं सांगू? त्या प्रयोगात मी बदली गायिका होते. मुख्य गायिका आजारी पडली, तरच मी गाणार होते. ती ठणठणीत होती. मी विंगेत खुर्चीवर बसून राहिले. राखलेला आवाज कुणाच्याच कामी आला नाही.

पुढच्या महिन्यात येते आहे. गाण्याच्या माझ्या पहिल्या बाई श्वास तपासायला पाठीवर तळहात ठेवायच्या. मी गाईन तेव्हा तुम्हीही तसाच ठेवा, घट्ट; आवाज तळहाताला जाणवेल. या वेळी काही राखून ठेवणार नाही.

तुमचा,
भोंगा