केळीचं आखूड पान

१८ नोव्हेंबर
केळ गुंडाळून झाली. पेंढ्याचे तीन थर, वर जुनी चटई, डोक्यावर टोपलं. खोड बर्फात मेलं की पुन्हा कंदापासून सुरुवात — असे तीन हिवाळे वाया गेले. ओनो काकू कुंपणावरून म्हणाल्याच, "फळली तरी नुसत्या बिया, भावजी! खाणार कोण?"

खायचंय कुणाला! ओकिनावाहून लग्न होऊन आली त्या वर्षी त्सुरू म्हणाली होती, "जिथे केळ फळत नाही ते गाव परकंच." सत्तेचाळीस वर्षं झाली. हल्ली ती मला माळी समजते. उरलंसुरलं विसरायच्या आत तिला एक घड दाखवायचाय.

२६ जानेवारी
गुडघाभर बर्फ. खोड चाचपलं — घट्ट आहे.

१४ एप्रिल
पेंढा सोडला. बाहेरची सोपटं कुजलीत, गाभा हिरवागार! त्सुरू म्हणाली, "छान राखलीत हो, माळीबुवा. ह्यांना सांगते." हे म्हणजे मीच. हसलो. मग न्हाणीघरात जाऊन रडलो.

५ जुलै
आखूड पान आलं!! जेमतेम वीतभर. आता यामागून केळफूलच! त्सुरूला हाताला धरून बाहेर आणलं, दाखवलं. बराच वेळ बघत राहिली.

६ जुलै
केळ तोडली. तिनेच. मी टोफू घेऊन येईतो विळ्याने आडवी केली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. तर तीच उखडली — "आखूड पान दिसलं ना? फुलली की सूत राठ होतं! कसले हो माळी तुम्ही?"

लग्नाआधी ती केळीच्या सुताचं कापड विणायची. तिच्या गावी खायची केळ वेगळी, सुताची वेगळी. सुताची कधी फुलू देत नाहीत. मला ठाऊक होतं. आणि मीच तिला ते पान दाखवलं! जेवलो नाही.

११ जुलै
सोपटं सोलते, राखेच्या पाण्यात उकळते, बांबूच्या चिपेने खरवडते. सकाळी चॉपस्टिक कशा धरायच्या ते विसरली होती, हे मात्र विसरत नाही. माझा राग गेलेला नाही.

१९ जुलै
आज सुताचा दोरा हातात घेऊन माझ्यापाशी आली. "माळीबुवा, आमच्या ह्यांना उन्हाळी किमोनो करायचाय. अंगाने तुमच्याएवढेच आहेत. जरा पाठ करून उभे राहता?"

राहिलो.