दोरीचे नऊ तास

प्रिय बारक्या,

या घरात माझ्या हातचं काय काय आहे ते एकदा सांगतो. आईचा पलंग. दोन्ही खिडक्यांच्या चौकटी. तू परदेशी गेलास त्या वर्षी केलेला लाकडी पृथ्वीचा गोल. आणि पलंगासमोरचं लंबकाचं घड्याळ, ज्याच्या चाकांचा एकेक दाता मी कानशीने घासला. कुणाकडे शिकायला गेलो नाही. हे तुला ठाऊक आहे, पुढचं नाही.

गोलावर तुझ्या शहरापासून आपल्या शहरापर्यंत दोरी ताणली की एकोणचाळीस सेंटिमीटर सहा मिलिमीटर भरते. मिलिमीटरला वीस किलोमीटर, म्हणजे सात हजार नऊशे वीस. ताशी आठशे ऐंशीने नऊ तास. तू यायचास तेव्हा आई मला दोरी लावायला सांगायची आणि वर चिडवायची, “विमान काय तुझ्या दोरीला बांधलंय का रे?”

त्या दिवशी तुझ्या बायकोचा फोन आला, की तू आपल्या वेळेने पहाटे पाचला निघालास. पोचायची वेळ ती सांगत होती. मी म्हटलं, “राहू दे, वेळ मी काढतो.” नऊ तास विमानाचे, दोन तास विमानतळ ते घर. आईला सांगितलं, बारक्या चारला दारात. डॉक्टर सकाळीच मान हलवून गेले होते. तिने घड्याळाकडे तोंड केलं आणि म्हणाली, “चारपर्यंत काय, थांबते की.”

विमान दोरीवरून जात नाही, हे मला कळायला हवं होतं. मधे उतरून दुसरं विमान, तिथे तीन तास बसणं, हे सगळं तुझ्या तिकिटावर छापलेलं होतं. चार वाजत आले, तू नाहीस. तिचा डोळा लागला तेवढ्यात मी काटा पाव तास मागे घेतला. पडदा ओढला, दिवा लावला, म्हणजे बाहेरचं ऊन उतरलेलं दिसू नये. असं अकरा वेळा केलं. जागी झाली की विचारायची, “अजून चार नाही झाले?” मी म्हणायचो, नाही. शेवटी म्हणाली, “तुझं घड्याळ मागे पडतंय रे, दाखव कुणाला तरी.”

साडेसहाला ती गेली. तू सात-दहाला आलास. दारातच विचारलंस, आईने वाट बघितली का. मी म्हटलं, नाही रे, दिवसभर झोपेतच होती. ते खोटं होतं. ती गेली तेव्हाच लंबक मी हाताने थांबवला होता, घड्याळात पावणेचार झाले असताना. आजही दुकानात कामात असलो, तरी पावणेचार झाले की मान आपोआप घराकडे वळते.

अकरा वर्षं तू थट्टा करतोस, की दुनियेची घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरातलंच बंद. मागच्या पत्रात लिहिलंस, चालू कर नाहीतर विकून टाक, आणि गिऱ्हाईकही तूच पाठवलंस. गृहस्थ भले होते. भिंग लावून दाते बघितले, माझे हात हातात घेतले. अट एकच: इथेच चालू करून दाखवा. मी किल्ली उचलली, आणि परत ठेवली. चार वाजलेले मला बघवणार नाहीत. घर दोघांचं, म्हणून घड्याळातही निम्मा वाटा तुझा. तेव्हा काय नाकारलं ते तुला कळायलाच हवं. दोन लाख चाळीस हजार.

तुझाच,
दादा